अणुबॉम्बच्या कारखान्याचं पुढे काय होतं? हॅनफर्डची साफसफाई आणि तिथल्या जमिनीसाठी लागलेली रांग

ऑक्टोबर २०२५ च्या मध्यावर अमेरिकेतल्या हॅनफर्ड नावाच्या ठिकाणी एक कारखाना सुरू झाला. तिथे जमिनीखालच्या टाक्यांमध्ये साठलेला किरणोत्सर्गी कचरा वितळलेल्या काचेत मिसळून स्टीलच्या पिंपांत ओतला जातो. कारखान्याचं बांधकाम सुरू झालं होतं २००२ मध्ये, म्हणजे तेवीस वर्षं लागली. आणि ज्या कचऱ्यासाठी तो बांधला, त्यातला सगळ्यात जुना कचरा दुसऱ्या महायुद्धातला आहे.

आपल्याकडे या बातमीची फारशी चर्चा झाली नाही. पण याच हॅनफर्डच्या आवारात ॲमेझॉनच्या पाठिंब्याने छोट्या अणुभट्ट्या उभ्या करायची योजना आहे. याच आवारात हजारो एकरांवर सोलर पॅनल टाकायचा विचार झालाय. गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा टिपणाऱ्या लायगोच्या दोन वेधशाळांपैकी एक इथेच आहे, आणि तिचं एक भावंड आपल्या हिंगोलीत येतंय. म्हणजे एकाच कुंपणाच्या आत जगातला सगळ्यात किचकट कचरा, आणि त्याच कुंपणाच्या आत नव्या तंत्रज्ञानाला जागा हवी म्हणून रांग. हे दोन्ही एकत्र कसं बसतं, ते बघू.

आधी थोडा इतिहास

हॅनफर्ड वॉशिंग्टन राज्यात आहे. हे राजधानीचं वॉशिंग्टन नव्हे, तर पार पश्चिमेकडचं राज्य. १९४३ मध्ये मॅनहॅटन प्रकल्पासाठी सरकारने कोलंबिया नदीकाठची सुमारे १,५०० चौरस किलोमीटर जमीन ताब्यात घेतली. मुंबई शहर आणि उपनगर जिल्हा मिळून सुमारे ६०० चौरस किलोमीटर होतात, त्यावरून अंदाज करा. हॅनफर्ड आणि व्हाइट ब्लफ्स या दोन गावांतल्या लोकांना साधारण महिन्याभराची मुदत देऊन उठवलं. वानापम या मूळनिवासी लोकांचा तर पिढ्यान्‌पिढ्यांचा मासेमारीचा किनाराच गेला.

जागा का निवडली? नदीचं थंड पाणी भरपूर, ग्रँड कूली धरणाची वीज जवळ, वस्ती विरळ. वर्षभराच्या आत बी रिॲक्टर उभा राहिला आणि सप्टेंबर १९४४ मध्ये सुरू झाला. औद्योगिक पातळीवर प्लुटोनियम बनवणारा हा जगातला पहिला रिॲक्टर. जुलै १९४५ ची ट्रिनिटी चाचणी आणि नागासाकीवर टाकलेला बॉम्ब, दोन्हींतलं प्लुटोनियम हॅनफर्डचं. (हिरोशिमाचा बॉम्ब युरेनियमचा होता, त्याचं काम टेनेसीतल्या ओक रिजला झालं.) पुढे शीतयुद्धात नदीकाठी एकूण नऊ रिॲक्टर झाले. १९८७ मध्ये शेवटचा बंद पडेपर्यंत इथे जवळजवळ ६७ टन प्लुटोनियम तयार झालं. अमेरिकेच्या एकूण साठ्यातला साधारण दोन तृतीयांश वाटा.

आता ६७ टन हा आकडा लहान वाटेल. गंमत अशी की प्लुटोनियम सुटं मिळत नाही. युरेनियमच्या कांड्या रिॲक्टरमध्ये भाजायच्या, बाहेर काढून नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवायच्या आणि त्या काढ्यातून प्लुटोनियम वेगळं करायचं. एक टन युरेनियममागे हाती लागतं काही शे ग्रॅम. बाकी उरतो तो सगळा कचरा.

टाक्यांमधली खिचडी

हा कचरा जमिनीखालच्या टाक्यांत भरला गेला. एकूण १७७ टाक्या. त्यातल्या १४९ एकपदरी, म्हणजे काँक्रीटच्या आत स्टीलचा एकच थर, आणि नंतर बांधलेल्या २८ दुपदरी. आज त्यांत सुमारे ५.६ कोटी गॅलन, म्हणजे २१ कोटी लिटरच्या आसपास कचरा आहे.

इथे युद्धकाळातल्या एका निर्णयाची फळं अजून भोगावी लागतायत. ॲसिड साठवायला स्टेनलेस स्टील लागतं, ते महाग आणि टंचाईचं. म्हणून टाक्या साध्या कार्बन स्टीलच्या केल्या, आणि त्या गंजू नयेत म्हणून ॲसिडमध्ये कॉस्टिक सोडा ओतला. टाक्या वाचल्या, पण कचऱ्याचा अवतार बदलला. तळाला पीनट बटरसारखा घट्ट गाळ, त्यावर मिठाची कडक खपली, वर खारट पाणी. त्यात प्लुटोनियम वेगळं करायच्या तीन वेगवेगळ्या पद्धती दशकांगणिक वापरल्या गेल्या, टाक्यांमधला माल इकडून तिकडे फिरवला गेला. परिणामी कुठल्या टाकीत नक्की काय आहे, हे प्रत्येकीचं वेगळं शोधावं लागतं. एका टाकीत तर हायड्रोजन साठून ठरावीक काळाने मोठा ढेकर यायचा. स्फोटाची भीती होती म्हणून १९९३ मध्ये आत सतत ढवळणारा पंप बसवावा लागला.

एकपदरी टाक्यांपैकी ६७ कधी ना कधी गळल्या असाव्यात असं मानलं जातं, आणि त्यातून सुमारे दहा लाख गॅलन कचरा मातीत गेला. पण मातीत मुद्दाम सोडलेलं पाणी याच्या कितीतरी पट आहे. कमी दूषित म्हणून चर आणि खड्ड्यांत सोडलेलं पाणी सुमारे ४५,००० कोटी गॅलन भरतं. आपल्या मापात ६० टीएमसी. पुण्याला पाणी देणारी खडकवासला साखळीतली चारही धरणं काठोकाठ भरली तरी २९ टीएमसीच्या आसपास होतात. त्याच्या दुप्पट पाणी, वेगवेगळ्या प्रमाणात दूषित, चाळीसेक वर्षांत जमिनीत मुरवलं.

काचच का?

काच म्हटलं की आपल्याला फुटणारी वस्तू आठवते. पण इथे मजबुतीपेक्षा दुसरा गुण महत्त्वाचा आहे: काच पाण्यात विरघळत नाही (खरं तर विरघळते, पण इतकी सावकाश की हजारो वर्षं लागतात). कचरा काचेच्या घटकांबरोबर साधारण ११५० अंश सेल्सिअसला वितळवला की किरणोत्सर्गी अणू काचेच्या रचनेतच अडकतात. काचेत रंग घालतात तसं समजा. निळी बाटली कितीही धुतली तरी निळा रंग पाण्यात उतरत नाही.

तंत्र नवं नाही. आपल्याकडे तारापूर आणि तुर्भे इथेही अणुकचऱ्याची काच केली जाते. अमेरिकेतच दक्षिण कॅरोलिनातल्या सव्हाना रिव्हरमध्ये हे काम १९९६ पासून चालू आहे. मग हॅनफर्डला एवढा उशीर का? एक कारण वर आलंच, खिचडी. मूळ आराखड्यात एक अवाढव्य इमारत होती, तिथे सगळा कचरा आधी वेगळा करायचा आणि मग दोन काच कारखान्यांत पाठवायचा. त्या इमारतीतल्या पाइपांत आणि टाक्यांत हायड्रोजन साठेल का, गाळ नीट ढवळला जाईल का, या प्रश्नांची खात्रीशीर उत्तरं मिळेनात आणि २०१२ मध्ये तिचं काम थांबलं. शेवटी अभियंत्यांनी सरळ बगल द्यायचं ठरवलं. टाकीतलं वरचं खारट पाणी घ्यायचं, टाकीशेजारीच ठेवलेल्या यंत्रात गाळायचं, त्यातलं सीझियम शोषून घ्यायचं आणि उरलेलं कमी किरणोत्सर्गी पाणी थेट काच कारखान्याला द्यायचं. हे गाळणी यंत्र २०२२ मध्ये सुरू झालं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला तो हाच भाग.

म्हणजे लक्षात घ्या, सध्या काच होतेय ती *सोप्या* कचऱ्याची. आकारमानाने तो जवळजवळ ९० टक्के आहे, पण किरणोत्सर्गाचा मोठा वाटा उरलेल्या गाळात आणि काढून ठेवलेल्या सीझियममध्ये आहे. त्या गाळाच्या काचेसाठीचा दुसरा कारखाना सुरू करायची मुदत २०३३ ची आहे. आणि ती काच झाली तरी ठेवायची कुठे? नेवाडातल्या युका माउंटनची निवड १९८७ मध्ये झाली, पण स्थानिक विरोध आणि राजकारणात तो प्रकल्प २०१० च्या सुमाराला गुंडाळला गेला. दुसरी जागा ठरलेली नाही. त्यामुळे ती पिंपं हॅनफर्डलाच राहणार.

उद्घाटनाच्या तोंडावर नाट्यही झालं. प्रशासन हा कारखाना रोखायच्या बेतात आहे का, असा सवाल सिनेटर पॅटी मरे यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीरपणे केला. ऊर्जामंत्री ख्रिस राइट यांनी तसं काही नसल्याचं सांगितलं आणि अखेर परवानगी निघाली. वादाचं मूळ पैशात आहे. ऊर्जा खात्याच्या २०२५ च्या अहवालानुसार हॅनफर्डचं उरलेलं काम ३६,४०० कोटी ते ५८,९०० कोटी डॉलरचं आहे. वरचा आकडा रुपयांत पन्नास लाख कोटींच्या घरात जातो, म्हणजे साधारण भारताच्या २०२५-२६ च्या अख्ख्या केंद्रीय अर्थसंकल्पाएवढा. आणि हॅनफर्डला दर वर्षी मिळतात सुमारे ३०० कोटी डॉलर. भागाकार तुम्हीच करून बघा.

म्हणून कमी किरणोत्सर्गी कचऱ्याला काचेऐवजी सिमेंटसारख्या मिश्रणात घट्ट करा, असा आग्रह वाढतोय. ते स्वस्त पडतं, भट्टी लागत नाही, सव्हाना रिव्हरमध्ये वर्षानुवर्षं चालू आहे. केंद्र सरकार आणि वॉशिंग्टन राज्य यांच्यातल्या नव्या करारात, पश्चिम भागातल्या २२ टाक्यांतला कचरा २०४० पर्यंत काढून त्यातला कमी किरणोत्सर्गी भाग असा सिमेंटबंद करून राज्याबाहेर पुरायचं ठरलंय. मला हा व्यवहारी तोडगा वाटतो. टाक्या म्हाताऱ्या होतायत. २०२१ मध्ये आणखी एक गळताना सापडली. उत्तम काचेची वाट बघत कचरा गळक्या टाकीत ठेवण्यापेक्षा बऱ्यापैकी सिमेंट परवडलं. फक्त तो कचरा ज्या वाटेने जाणार आणि जिथे पुरला जाणार, तिथल्या लोकांचं मत वेगळं असू शकतं.

पाणी, मासे आणि हाडांमधलं खनिज

टाक्यांच्या बातम्या होतात, पण रोजचं आणि बरंच यशस्वी काम भूजलाचं आहे. रिॲक्टरच्या थंड पाण्यात पाइप गंजू नयेत म्हणून सोडियम डायक्रोमेट घालायचे. ते क्रोमियम जमिनीत उतरलं आणि नदीकडे सरकू लागलं. माणसाला ते वाईटच, पण सॅमन माशाच्या पिल्लांना अगदी थोडं पुरतं. म्हणून विहिरी खणून पाणी उपसायचं, गाळून स्वच्छ करायचं आणि परत जमिनीत सोडायचं, असं वर्षाकाठी अब्जावधी लिटर पाण्याचं चालू आहे. क्रोमियमचे पट्टे बरेच आक्रसलेत.

एन रिॲक्टरपाशी मात्र स्ट्रॉन्शियम-९० होतं आणि उपसून ते निघेना, मातीला चिकटून बसतं. तिथे केलेली युक्ती मला फार आवडते. स्ट्रॉन्शियम धोकादायक का, तर ते कॅल्शियमसारखं वागतं आणि शरीरात गेलं की हाडांत जाऊन बसतं. मग जमिनीतच हाड तयार केलं तर? अभियंत्यांनी नदीकाठच्या विहिरींतून अशी रसायनं सोडली की मातीत ॲपेटाइट, म्हणजे हाडांत असतं त्याच जातीचं खनिज, तयार व्हावं. नदीकडे निघालेलं स्ट्रॉन्शियम त्यात अडकतं आणि तिथेच विझत जातं. त्याचं अर्धायुष्य साधारण २९ वर्षं, त्यामुळे तीनशे वर्षं अडवून धरलं तरी काम होतं. प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्य २४,१०० वर्षं असल्याने तिथे ही सोय नाही.

किती स्वच्छ म्हणजे स्वच्छ?

जमीन पूर्ण साफ करून मग तिचं काय करायचं ते ठरवत असतील, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात क्रम उलटा असतो. आधी ठरतं की इथे काय होणार, आणि त्यावरून ठरतं की किती माती खरवडायची. घरं होणार असतील तर नियम कडक, कारण तिथे लहान मूल चोवीस तास असेल, अंगणात भाजी लावली जाईल. कारखाना असेल तर सैल, कामगार आठ तासांनी घरी जातो. अभयारण्य असेल तर आणखी सोयीचं, तिथे फारसं कुणी राहतच नाही.

कोलोरॅडोतलं रॉकी फ्लॅट्स हे याचं गाजलेलं उदाहरण. डेन्व्हरजवळच्या या कारखान्यात बॉम्बचे प्लुटोनियमचे गाभे बनायचे. १९८९ मध्ये पर्यावरणाच्या गुन्ह्यांसाठी तिथे चक्क एफबीआयची धाड पडली आणि उत्पादन थांबलं. साफसफाईला सुरुवातीचा अंदाज होता ६५ वर्षं आणि ३,६०० कोटी डॉलरहून जास्त. झाली २००५ मध्ये, सुमारे ७०० कोटी डॉलरमध्ये. कंत्राटदाराला वेळेआधी संपवण्यासाठी बक्षिसी होती, हे खरं. पण जागेचं अभयारण्य करायचं ठरल्यामुळे खोलवरची काही बांधकामं आणि माती जागेवर सोडता आली, हेही तितकंच खरं. वरच्या तीन फुटांच्या मातीसाठी प्लुटोनियमची एक मर्यादा ठरवली, त्याखाली ती सैल. २०१८ मध्ये अभयारण्य लोकांसाठी उघडलं. २०१९ मध्ये शेजारून जाणाऱ्या नियोजित रस्त्यासाठी माती तपासली, तर एका नमुन्यात मर्यादेच्या पाचपटीहून जास्त प्लुटोनियम निघालं. एक नमुना म्हणजे सगळं मैदान नव्हे, आणि सरासरी धोका कमीच आहे असं सरकारी यंत्रणा सांगतात. पण ब्रूमफील्ड शहराने त्या रस्त्यातून अंग काढून घेतलं, आणि आसपासच्या काही शाळा अजूनही मुलांची सहल तिथे नेत नाहीत.

हॅनफर्डमध्ये हाच प्रश्न आणखी टोकदार होतो. १८५५ च्या करारांनी याकामा, युमाटिला आणि नेझ पर्स या राष्ट्रांनी जमीन दिली, पण नेहमीच्या जागी मासे धरण्याचा आणि कंदमुळं गोळा करण्याचा हक्क राखून ठेवला. आता रोज नदीतला मासा खाणारा, तिथली मुळं खणून खाणारा, तिथल्याच पाण्यावर घामाचं स्नान घेणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून हिशेब केला, तर त्याच्या अंगात जाणारा डोस शनिवारी फिरायला येणाऱ्या पर्यटकापेक्षा खूप जास्त निघतो. म्हणजे करार पाळायचा तर साफसफाई जास्त करावी लागते. औद्योगिक वापर धरला तर खर्च वाचतो, करार मात्र कागदावर राहतो.

रांगेत कोण कोण आहे

काही पाहुणे जुने आहेत. कोलंबिया जनरेटिंग स्टेशन हा अणुवीज प्रकल्प १९८४ पासून इथल्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर वीज बनवतोय. लायगोला चार किलोमीटर लांबीच्या दोन सरळ भुजा हव्या होत्या, आजूबाजूला गडबड नको होती. ओसाड, सपाट आणि सरकारी मालकीची जागा त्यांना इथे मिळाली. सप्टेंबर २०१५ मध्ये पहिली गुरुत्वीय लहर टिपली गेली ती इथे आणि लुइझियानात. हॅनफर्डमध्येच दुसरा शोधक बसवायचा बेत होता. त्याची यंत्रणा भारताला द्यायचं ठरलं आणि त्यातून हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळचा लायगो-इंडिया प्रकल्प आला. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये त्याला २,६०० कोटी रुपये मंजूर केले.

आणखी एक उलटा योगायोग. बॉम्बच्या गुप्ततेसाठी भोवती जो रिकामा पट्टा राखला होता, तिथे ना शेती झाली ना धरण. त्यामुळे कोलंबियाचा सुमारे ८० किलोमीटरचा खळाळता पट्टा आणि मूळचं गवताळ रान टिकून राहिलं. २००० मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी त्यातला १,९५,००० एकर भाग राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केला.

नवे पाहुणे विजेसाठी आलेत. २०२३ मध्ये ऊर्जा खात्याने अशा जागांवर स्वच्छ ऊर्जेचे प्रकल्प उभारायचा कार्यक्रम काढला, आणि २०२४ मध्ये हॅनफर्डवर एक हजार मेगावॉटपर्यंतच्या सोलर प्रकल्पासाठी वाटाघाटी करायला हेकेट एनर्जी ही कंपनी निवडली. मग प्रशासन बदललं आणि वारंही. जुलै २०२५ मध्ये खात्याने एआय डेटा सेंटर आणि त्यांच्या विजेसाठी चार जागा जाहीर केल्या: आयडाहो, ओक रिज, पडुका आणि सव्हाना रिव्हर. हॅनफर्ड त्या यादीत नाही. पण त्याच्या आवारात एनर्जी नॉर्थवेस्ट ही सार्वजनिक वीज संस्था, ॲमेझॉन आणि एक्स-एनर्जी मिळून ८० मेगावॉटच्या छोट्या अणुभट्ट्या बांधणार आहेत. आधी चार, पुढे बारापर्यंत, म्हणजे ९६० मेगावॉट.

या जागा कंपन्यांना का आवडतात? जमिनीचा मालक एकच. जाड वीजवाहिन्या आधीच आहेत. सुरक्षा आहे, पाणी आहे, आणि रिचलंडसारख्या गावातली माणसं अणूला बुजत नाहीत. (तिथल्या हायस्कूलच्या संघाचं नाव ‘बॉम्बर्स’ आहे आणि चिन्हात मशरूमसारखा ढग.) चालू अणुवीज केंद्राशेजारच्या, तुलनेने स्वच्छ जमिनीवर नव्या भट्ट्या बसवायला माझ्या मते तांत्रिक हरकत फारशी नाही. काळजी दुसरी आहे. एकदा जमिनीचा मोठा तुकडा औद्योगिक म्हणून पक्का झाला की शेजारच्या तुकड्यासाठीही तोच सैल नियम लावा, असं म्हणणं सोपं जातं. आणि साफसफाईचं बजेट दर वर्षी संसदेत मागावं लागतं, तिथे डेटा सेंटरची बातमी जास्त चमकते.

या सगळ्यात जे हातांनी काम करतात त्यांचीही एक लढाई झाली. हॅनफर्डच्या कामगाराला ठरावीक आजार झाले तर ते कामामुळेच झाले असं धरून भरपाई द्यावी, असा कायदा वॉशिंग्टन राज्याने २०१८ मध्ये केला. केंद्र सरकार त्याविरुद्ध कोर्टात गेलं आणि जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने रद्द केला, कारण तो फक्त केंद्राच्या कामगारांपुरता होता. निकालाचा अंदाज आल्यावर राज्याने आधीच कायद्याची शब्दरचना बदलून घेतली होती, म्हणून कामगार वाचले.

बी रिॲक्टर आता राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. बाकीच्या आठांसाठी ‘कोकून’ पद्धत ठरली: भोवतालची इमारत पाडायची, गाभ्यावर स्टीलचं कवच चढवायचं, दार वेल्डिंग करून बंद करायचं आणि ७५ वर्षं थांबायचं. दर पाच वर्षांनी कुणीतरी दार कापून आत जातं, पाणी शिरलंय का बघतं आणि परत वेल्डिंग करतं. पहिलं कोकून १९९८ मध्ये झालं. त्याची मुदत २०७३ ला संपेल. तोपर्यंत आतला किरणोत्सर्ग बराच उतरलेला असेल. मग गाभा तोडायचा, की उचलून नदीपासून दूर नेऊन पुरायचा, हे तेव्हाच्या माणसांनी ठरवायचंय.